चार भाऊ, एक गिटार, एक माईक: मिल्स ब्रदर्सच्या जुन्या रेकॉर्डिंगचा सीडी संच

ज्यांना लांबण वाचायला वेळ नाही, त्यांच्यासाठी निकाल आधीच देऊन टाकतो. संच घ्यावा, पण पहिल्या दोन सीडींसाठी घ्यावा. तिसरी बरी आहे. चौथीतलं एक गाणं सोडलं तर ती जेवताना लावायची.

आता हे सांगणारा कोण, तेही सांगतो, कारण मी काही इंग्रजी गाण्यांतला जाणकार नव्हे. मालवण तालुक्यात आमचा मंडप आणि साऊंडचा धंदा आहे. लग्न, सत्यनारायण, जत्रा, दशावतारी नाटक, डबलबारी (म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना), निवडणुकीची रिक्षा, सगळीकडे आमचे भोंगे बांधले गेले. हल्ली मुलगा बघतो. त्याच्याकडे छातीत धडधडणारे बेसचे खोके आले आहेत, आणि मी माईक, वायरी आणि जुनी मशिनं सांभाळतो. इंग्रजी गाण्यातले शब्द मला निम्मे कळतात. पण माईकसमोर उभा राहिलेला माणूस काय करतोय, हे मला पाठमोरा बसूनही कळतं. हा संच मी त्याच कानांनी ऐकला आहे, तेव्हा शब्दार्थाच्या अपेक्षेने पुढे वाचू नका.

संच आणला जावयाने. तो बोटीवर असतो, युरोपातल्या कुठल्याशा बंदरात उतरला तेव्हा एका दुकानात दिसला म्हणून घेतला. "मामानू, ह्यां तुमी आयकशात म्हणान हाडलंय." किमतीची चिठ्ठी नखाने खरवडून काढलेली. कितीला पडला विचारलं, तर "ता ऱ्हवांदे." त्यामुळे पैसे वसूल की नाही, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही. तिकडे जुन्या रेकॉर्डिंगचे हक्क ठरावीक वर्षांनी सुटतात, मग बऱ्याच कंपन्या तोच माल आपापल्या पुठ्ठ्यात घालून विकतात. मी इथे जे म्हणतोय ते त्यातल्या बहुतेकांना लागू पडावं.

तर पुठ्ठ्याच्या पेटीत चार सीडी आणि एक इंग्रजी पुस्तिका. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर जुन्या तबकडीच्या लेबलचं चित्र आहे आणि त्या लेबलवर बारीक अक्षरांत एक सूचना. मतलब असा, की या रेकॉर्डमध्ये एका गिटारीखेरीज कुठलंही वाद्य किंवा यांत्रिक साधन वापरलेलं नाही. आमच्या धंद्यात अशी सूचना कोणी छापत नाही. इथे का छापावी लागली, ते पहिलं गाणं लावलं की कळतं.

पहिलं गाणं 'टायगर रॅग', सन १९३१. सुसाट लय. गाण्याचे शब्द म्हणजे वाघ कुठाय, वाघाला धरा, एवढेच. पण शब्दांच्या मधून ट्रंपेट येतं, त्याच्या पाठोपाठ दुसरं ट्रंपेट, मग घसरत जाणारा ट्रॉम्बोन, आणि सगळ्यांच्या खाली मोठ्या पितळी ट्यूबाचा घुमारा. माझ्याकडे काम करणारा पोरगा केबल गुंडाळत होता, तो थांबला. "काकानू, ह्यां ट्रंपेट कोण वाजयता?" म्हटलं, "कोणूच वाजवीत नाय. तोंडान करता." त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी त्याची टर उडवतोय. मग लेबलवरची सूचना वाचून दाखवली.

तर हे चौघं सख्खे भाऊ. जॉन, हर्बर्ट, हॅरी आणि डोनाल्ड मिल्स. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं पिक्वा हे लहानसं गाव, काळ्या लोकांचं कुटुंब. वडिलांचं केशकर्तनालय होतं, आणि स्वतः वडील चौघांच्या एका गायन मंडळीत गायचे. तिकडे दाढी-केसांच्या दुकानात बसून चौघांनी मिळून गाण्याची रीतच होती, तिला म्हणतातही बार्बरशॉप. म्हणजे चार आवाज चार वेगवेगळ्या सुरांवर, पण एकाच गाण्यात. आपल्याकडे बुवा ओळ म्हणतो आणि मागचे कोरसवाले तीच ओळ त्याच सुरात उचलतात, फार तर कोणी वरच्या सप्तकात जातो. त्यामुळे आपल्या कानाला ही चार सुरांची वीण पहिल्यांदा जरा परकी लागते. दोन-तीन गाणी जाऊ द्या. मग एकेक आवाज वेगळा काढून ऐकता येतो आणि खरी मजा तिथून सुरू होते. पोरं चर्चमध्येही गायची. लहानपणी ती गाताना तोंडाला काझू लावायची. काझू म्हणजे तोंडात धरून गुणगुणलं की पिपाणीसारखा खरखरता आवाज देणारी छोटी नळी.

मग ती सगळीकडे छापून आलेली गोष्ट. गावातल्या थिएटरात हौशी कलाकारांची स्पर्धा होती. भाऊ स्टेजवर गेले आणि हॅरीच्या लक्षात आलं की आपली काझू हरवली आहे. त्याने दोन्ही हातांची ओंजळ तोंडावर धरली आणि ट्रंपेटचा आवाज काढला. लोकांना तो आवडला. भावांनी मग वाटणीच करून टाकली: हॅरीकडे पहिलं ट्रंपेट, हर्बर्टकडे दुसरं, धाकट्या डोनाल्डकडे ट्रॉम्बोन, आणि थोरल्या जॉनकडे खालच्या आवाजात ट्यूबा. गिटारही जॉनच वाजवायचा. म्हणजे एक माणूस एकाच वेळी गिटारीवर ताल धरतोय आणि तोंडाने ट्यूबा वाजवतोय. दशावतारातल्या पेटीवाल्याला मी एका हाताने भाता ओढत, दुसऱ्याने सूर धरत, वर खुणेने पखवाजवाल्याला थांबवताना पाहिलं आहे, त्यामुळे हे अशक्य वाटत नाही. पण सोपंही नाही.

काझू हरवल्याची गोष्ट गोड आहे, पुस्तिकेत तिला दीड पान दिलंय. तिच्यामुळे हे मोठे झाले हे काही मला पटत नाही. तोंडाने वाद्याचे आवाज काढणारे गावोगाव असतात. आमच्याकडे शिमग्यात ढोल दुरुस्तीला गेला तर पोरं तोंडाने ढोल वाजवत घरोघर फिरतात, त्यांना कोणी करार देत नाही. हे चौघं वर आले ते माईकमुळे. पुस्तिका लिहिणाऱ्याने यावर एक ओळ खर्च केली आहे, म्हणून मी जरा जास्त लिहितो.

१९२५पर्यंत रेकॉर्डिंग माईकवर होतच नव्हतं. गायकाने एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडात गायचं, त्या आवाजाच्या धक्क्याने दुसऱ्या टोकाची सुई मेणात चर कापायची. मधे वीज नाही, अँप्लिफायर नाही. ज्याचा आवाज दणदणीत तोच टिकायचा. हळू गाणाऱ्याचा चरच उमटायचा नाही. १९२५मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी विजेवरचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि माईक आला. त्याच सुमारास घराघरांत रेडिओ आला, म्हणजे तिथेही माईकच. आता ओठांतल्या ओठांत म्हटलेलंही हजार मैलांवर ऐकू जाऊ लागलं. ओंजळीतून काढलेलं ट्रंपेट खुल्या मैदानात तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही. माईकजवळ आणलं की ते खऱ्या ट्रंपेटच्या बरोबरीने उभं राहतं. हॅरी बोटं उघडझाप करून आवाज दाबतो आणि सोडतो, तेही या रेकॉर्डमध्ये साफ कळतं. कर्ण्याच्या जमान्यात ही कला पिक्वातच राहिली असती.

दुसरी गोष्ट मिक्सरची. आज माझा मुलगा आठ माईक लावतो, प्रत्येकाला वेगळी पट्टी, कमी-जास्त करतो, इको टाकतो. त्या काळच्या फोटोंत हे चार भाऊ एकाच माईकभोवती डोकी जोडून उभे दिसतात. मिक्सिंग व्हायचं ते पायांनी. ज्याची पाळी तो अर्धं पाऊल पुढे, बाकीचे अर्धं मागे. पहिल्या सीडीवरची गाणी हेडफोन लावून ऐका: ट्रंपेट पुढे येतं तेव्हा बाकीचे तिघे नुसते हळू होत नाहीत, लांब जातात. लांब जाणं आणि हळू होणं यांतला फरक ज्याने माईक हाताळलाय त्याला लगेच समजतो. आमच्या डबलबारीत बुवा माईक दातांना लावतो, कोरसवाले मागून केकाटतात आणि मग साऊंडवाल्याला शिव्या. या पोरांची रेकॉर्ड मी एकदा दोन-चार बुवांना सक्तीने ऐकवणार आहे.

वर चढण्याचा प्रवास मात्र भराभर झाला. सिनसिनाटी हे ओहायोतलं मोठं शहर, तिथलं डब्ल्यूएलडब्ल्यू हे रेडिओ स्टेशन. तिथे १९२८च्या सुमारास भाऊ गाऊ लागले. ड्यूक एलिंग्टन वाद्यवृंद घेऊन सिनसिनाटीला आला तेव्हा भावांनी त्याला गाऊन दाखवलं, त्याने न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड कंपनीत शब्द टाकला, आणि पोरं न्यूयॉर्कला गेली. १९३०मध्ये सीबीएस रेडिओच्या ऑफिसात त्यांची चाचणी झाली. तिथला मुख्य साहेब विल्यम पेली, त्याने म्हणे आपल्या खोलीतल्या स्पीकरवर ती ऐकली, खाली उतरून आला आणि त्याच रात्री त्यांना हवेत सोडलं. दुसऱ्या दिवशी तीन वर्षांचा करार. त्या देशात तेव्हा काळ्या माणसाला कित्येक हॉटेलांत खोली मिळत नव्हती, आणि या चौघांना देशभर ऐकू जाणारा स्वतःचा कार्यक्रम मिळाला. साहेबाने त्यांना स्टेजवर न बघता स्पीकरवर ऐकलं, हे मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आधी आवाज आत शिरला, माणसं मागून.

'टायगर रॅग' त्याच्या पुढच्या वर्षीचं. ही धून त्यांची नव्हे, १९१७पासून बँडवाले ती वाजवत होते. पण यांनी बँडच काढून टाकला आणि बँडचं गाणं ठेवलं. तबकडी लाखांनी खपली, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. तेव्हा डोनाल्ड फक्त १६ वर्षांचा. रेडिओवर ऐकणाऱ्यांना वाटायचं मागे बँड बसलाय, म्हणून ती लेबलवरची सूचना. त्या सूचनेने किती तबकड्या जास्त खपवल्या असतील, याचा हिशेब कोणी केला नसेल, पण ज्याच्या डोक्यातून ती निघाली तो पक्का धंदेवाला होता. लोक दुकानात नुसती खात्री करायला येत असतील.

पहिल्या सीडीवरचं दुसरं रत्न 'डायना', बिंग क्रॉसबीबरोबर, तेही १९३१च्या डिसेंबरातलं. क्रॉसबी म्हणजे हळू गाणाऱ्यांचा राजा, माईकच्याच पोटी जन्मलेला. तो सावकाश, आरामखुर्चीत बसल्यागत ओळ म्हणतो. मग लय दुप्पट होते, भाऊ आत घुसतात, आणि क्रॉसबीसुद्धा शब्द सोडून नुसत्या बोलांवर येतो. हे गाणं मी आमच्या हिला ऐकवलं. ती म्हणाली, "शब्द इसारलो काय तो?" तिला म्हटलं, नाही, त्याला मजा येतेय.

दुसऱ्या सीडीवर १९३२पासूनची गाणी. 'रॉकिंग चेअर' ऐका. म्हातारा बाप खुर्चीत बसून मुलाशी बोलतोय असं गाणं, आणि खालच्या आवाजात जॉन. हा म्हातारा तेव्हा २१-२२ वर्षांचा पोरगा होता. 'डिगा डिगा डू'मध्ये एलिंग्टनचा अख्खा वाद्यवृंद आणि हे चौघं एकत्र आहेत, म्हणजे खरं पितळ आणि तोंडचं पितळ शेजारी-शेजारी. एकदा डोळे मिटून खरं कुठलं ते ओळखायचा खेळ खेळून बघा. माझा मुलगा, ज्याला आपले कान सोन्याचे वाटतात, दोनदा चुकला. सेंट लुईस ब्लूज, स्वीट सू, ब्यूगल कॉल रॅग, सगळी याच सीडीवर. यातलं कुठलंही गाणं तीन-सव्वातीन मिनिटांच्या पुढे जात नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. त्या तीन मिनिटांत ही पोरं एक सेकंद वाया घालवत नाहीत, हे आजच्या रिमिक्सवाल्यांना सांगायला हवं, पण ते ऐकणार नाहीत.

आता तक्रारी. या पुनर्मुद्रणाचा मोठा दोष म्हणजे साफसफाई. जुन्या तबकडीत सुईची खरखर असतेच. ती काढायला आता कॉम्प्युटरवर सोय आहे, आणि ती जपून वापरली तर छान. 'टायगर रॅग'ला जपून वापरली आहे. थोडी खरखर राहिली आहे आणि तिच्यामागे चौघांचे श्वास ऐकू येतात. दुसऱ्या सीडीच्या शेवटाकडे मात्र कोणाचा तरी हात सैल सुटला आहे. खरखर पूर्ण गेली आणि तिच्याबरोबर 'स', 'श', जिभेचा टोला, ओंजळीतली हवा, सगळं गेलं. गोधडी पांघरून गायल्यासारखं. या मंडळींची सारी कारागिरी ओठ, जीभ आणि हवा यांत आहे, तीच पुसून टाकल्यावर उरलं काय? मला विचाराल तर खरखर ठेवा. आम्ही भोंग्यावर मोठे झालेले लोक, आम्हाला तिचा त्रास होत नाही.

एकाच गाण्याचे दोन-दोन प्रयत्न पाठोपाठ घातले आहेत, हेही मला रुचलं नाही. अभ्यासकाला उपयोगी असेल, पण माणूस गाणं ऐकायला बसतो, हजेरी घ्यायला नाही. ते जादा प्रयत्न चौथ्या सीडीच्या शेवटी टाकले असते तर चौथी सीडीही जरा कामाची झाली असती. पुस्तिकेत तारखा आणि तबकड्यांचे नंबर भरपूर, पण रेकॉर्डिंग कुठल्या प्रकारच्या माईकवर झालं, चौघं कसे उभे राहत, यावर काहीच नाही. आणि अक्षर इतकं बारीक, की मला तिसऱ्या पानापासून नातीला वाचायला बसवावं लागलं.

पेटी पुठ्ठ्याची आहे. युरोपात चालत असेल. आमच्याकडे मिरग लागला की पुठ्ठा नरम पडतो, आषाढात त्याला पांढरी बुरशी येते, आणि गणपतीपर्यंत चिकटवलेले कोपरे सुटतात. कॅसेटांची अख्खी कपाटं मी अशी घालवलेली पाहिली आहेत. कोकणात राहत असाल तर आल्या दिवशी सीडी काढून प्लॅस्टिकच्या डब्यांत घाला, डबा घट्ट झाकणाचा, आत माईकच्या खोक्यातून निघणाऱ्या त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाका. पेटी शोभेला ठेवा किंवा नातवंडांना द्या.

ऐकायचं कशावर, हा प्रश्न मला दोघा-तिघांनी विचारला. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, जॉन दिसेनासा होतो. खालचा सूर त्या टिकलीएवढ्या स्पीकरातून येतच नाही आणि मग हे गाणं तीन भावांचं वाटतं. मुलाच्या बेसच्या खोक्यांवर लावलं तर उलटा प्रकार, जॉन एकटाच अंगावर येतो. त्या काळच्या रेकॉर्डिंगमध्ये साधारण शंभर ते पाच हजार हर्ट्झपर्यंतचाच आवाज धरला जायचा, त्याच्या खाली-वर जे ऐकू येतं ते गडगड किंवा सुईची सळसळ. तेव्हा बेस वाढवू नका, ट्रेबल थोडा उतरवा, इको असेल तर बंद करा. रेकॉर्डिंग मोनो आहे, दोन स्पीकरची गरज नाही. एक मध्यम आकाराचा स्पीकर समोर ठेवून ऐकलं की चौघं एका जागी उभे असल्यासारखे वाटतात. मी तर हौसेने जुन्या अहुजाच्या अँप्लिफायरला भोंगा जोडून शेडसमोर लावलं. भोंगा मधलेच सूर देतो, आणि या रेकॉर्डिंगमध्ये मधलेच सूर आहेत. जोडी जमली. रस्त्याने जाणारा एक मच्छीवाला गाडी थांबवून विचारून गेला, खंयची मंडळी म्हणून. त्याला वाटलं बाहेरून बँड आणलाय लग्नाला.

तिसऱ्या सीडीकडे येताना मन थोडं जड होतं. १९३४मध्ये भाऊ इंग्लंडात राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरीसमोर गायले, नाव साता समुद्रापार गेलं. पण इंग्लंडच्या मुक्कामात जॉन आजारी पडला, न्यूमोनिया झाला, आणि १९३६च्या जानेवारीत तो गेला. वय २५. मंडळी बंद करायची भाषा झाली. शेवटी खालच्या आवाजाची जागा भरायला वडील उभे राहिले, तेच ते केशकर्तनालयवाले, आणि पुढे वीसेक वर्षं ते मुलांबरोबर गात राहिले. गिटारीसाठी बाहेरचा माणूस घ्यावा लागला. तिसऱ्या सीडीवर हा बदल कानाला कळतो. वडिलांचा आवाज भरीव, सुरेल, जुन्या वळणाचा. पण जॉनसारखी ट्यूबाची उडी त्यात नाही. लय हळूहळू संथ होत जाते. लुई आर्मस्ट्राँग आणि एला फिट्झजेराल्ड यांच्याबरोबरची गाणी याच सीडीवर आहेत, ती जरूर ऐका. आर्मस्ट्राँगचं ट्रंपेट खरं आणि त्याचा गळाही ट्रंपेटच, त्याच्यापुढे भाऊ शहाण्यासारखे मागे राहून साथ करतात.

चौथ्या सीडीतलं ते एक गाणं म्हणजे 'पेपर डॉल'. यात तोंडाचं ट्रंपेट नाही की ट्यूबा नाही. डोनाल्ड एकटाच हळू, जवळून गातो, मग मधेच लय उठते आणि सगळे येतात. रेकॉर्डिंग १९४२चं, पण गाजलं १९४३मध्ये; अमेरिकेच्या यादीत १२ आठवडे पहिलं. साठ लाखांच्या आसपास प्रती खपल्या असं सांगतात. गाणं लिहिणारा जॉनी ब्लॅक मात्र १९३६मध्येच मेला होता. गाण्याचा जन्म १९१५चा. साऊंडवाल्याच्या नजरेने बघितलं तर त्या यशामागे काळाचाही हात होता. ऑगस्ट १९४२पासून तिकडच्या वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बहिष्कार घातला, नवी गाणी बंद पडली, दुकानदारांना जुनीच फिरवावी लागली. वर युद्धामुळे लाखेचा तुटवडा. त्या तबकड्या लाखेच्या, आणि लाख जायची प्रामुख्याने आपल्या हिंदुस्थानातून. म्हणजे पिक्वाच्या नाभिकाच्या मुलांचा आवाज साठवायला झाडं आपली लागत होती, ही गोष्ट पुस्तिकेत नाही. असायला हवी होती.

'पेपर डॉल'नंतर पैसा आला, मोठे वाद्यवृंद मागे आले, आणि जी मंडळी वाद्यं नको म्हणून नावारूपाला आली तीच वाद्यांच्या गर्दीत उभी राहिली. १९५२चं 'ग्लो वर्म' गोड आहे, पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलेलं, पण ते कोणीही गाऊ शकलं असतं असं मला वाटतं. आमच्या मुलाला नेमकं तेच आवडलं. घरात यावरून दोन दिवस तोंडातोंडी चालली. यांच्या मागून इंक स्पॉट्स ही अशीच गाणारी मंडळी आली, मग रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून चार आवाजांत गाणारी पोरं आली, खालचा एक आवाज सतत वाद्यासारखा चालू ठेवायची त्यांची रीत बघितली तर तिचा बाप जॉन मिल्सच.

घेणाऱ्यांसाठी शेवटची सूचना, आणि ही सगळ्यात कामाची. बाजारात या भावांची 'निवडक' म्हणून एकच सीडी स्वस्तात मिळते, गाण्यांची नावं तीच असतात. फसू नका. १९५८पासून त्यांनी दुसऱ्या कंपनीसाठी आपलीच जुनी गाणी नव्याने, वाद्यवृंद घेऊन, स्टिरिओत म्हटली. बऱ्याच स्वस्त सीडींवर तो माल असतो. आवाज स्वच्छ, पण तोपर्यंत जॉन नाही, वडीलही थांबलेले, आणि एका माईकभोवतीची ती धक्काबुक्की नाही. पेटी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा, गरज पडली तर नातीला बोलवा. 'टायगर रॅग'पुढे १९३१ लिहिलेलं नसेल तर सीडी परत मांडणीवर ठेवा.